सुईच्या भोकातून घर

कौलारू घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या बायकांना कवडसा समजावून सांगावा लागत नाही. एखादं कौल सरकलेलं असलं की दुपारी माजघरात उन्हाची तिरपी काठी उतरायची, तिच्यात धूळ तरंगत राहायची आणि शेणाच्या जमिनीवर एक गोल ठिपका पडायचा. भोक तिकोनी असो की लांबट, ठिपका गोलच. आम्ही पोरी तो मुठीत धरायला बघायचो. तो गोल का, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगणारं कुणी नव्हतं. तो गोल असतो, कारण तो सूर्य असतो. जमिनीवर पडलेलं सूर्याचं चित्र. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं, तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते. पानांमधल्या फटी नेहमीच्याच होत्या. वर सूर्यच कोरीएवढा उरला होता.

अंधाऱ्या जागेत बारीक भोकातून उजेड आला की तो समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र काढतो, आणि ते उलटं काढतो. उजेड सरळ रेषेत जातो. वरून आलेला खाली पोहोचतो, खालचा वर. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैथम या विद्वानाने याचा नीट अभ्यास केला होता. आपल्याकडे हंपीला विरूपाक्षाच्या देवळात अंधाऱ्या भागात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती पाहायला आजही लोक रांग लावतात. ती हीच. भिंग नाही, यंत्र नाही, वीज नाही. भिंतीच्या जागी छायाचित्राचा कागद लावला की झाला कॅमेरा. त्याला पिनहोल म्हणतात, म्हणजे टाचणीच्या भोकाचा कॅमेरा. गोव्यात पी. माधवन यांच्या गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने असे कॅमेरे हाताने बनवायला पुष्कळांना शिकवलं आहे, आणि एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ सालापासून जगभर पिनहोल दिवस म्हणून पाळला जातो. एवढं सगळं मला माझ्या भाचीमुळे कळलं.

भाची पुण्यात फोटोग्राफी शिकते. सुट्टीत आमच्याकडे राखोलीला आली ती रिकामे डबे मागतच. तिला परीक्षेसाठी 'घर' या विषयावर चित्रं करायची होती. दूध पावडरचा डबा तिने आतून काळा रंगवला. थंड पेयाच्या कॅनमधून पत्र्याचा तुकडा कापला, त्याला माझ्या शिवणाच्या सगळ्यात बारीक सुईने भोक पाडलं, कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली. डब्याला मोठं भोक, त्यावर हा पत्रा, त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. पट्टी काढली की कॅमेरा चालू, लावली की बंद. भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान, म्हणून आत उजेड येतो तो थेंब थेंब. भर उन्हात एक-दोन मिनिटं पुरतात, पण घराच्या आत, खिडकीजवळसुद्धा, पाऊण तास, तास, दोन तास. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे स्वयंपाक दिवसाउजेडी. डब्याची तेवढी सोय झाली. न्हाणीघरात लाल दिवा लावून तिने कागद धुतले. माझ्या तीन ताटल्या त्या दिवसापासून स्वयंपाकातून बाद झाल्या, त्या झाल्याच.

पहिलं चित्र स्वयंपाकघराचं. सकाळी दहा ते अकरा डबा मांडणीवर ठेवला होता. त्या तासाभरात मी कणीक मळली, तीस-पस्तीस फुलके केले, दोन भाज्या टाकल्या, दूध तापवलं, दोनदा दार उघडायला गेले. चित्र धुऊन निघालं. ओटा स्पष्ट. डब्यांची रांग इतकी स्पष्ट की मोजून घ्यावी. पाण्याचं गाळणं खुंटीला, ते स्पष्ट. भिंतीवरच्या पंचांगाचे चौकोनसुद्धा. आणि मी नाही. थोडी धूसर, कुठे पुसट, असंही नाही. नाहीच. ओट्यापुढे स्वच्छ रिकामी जागा, जणू घरातली माणसं गावाला गेली आहेत आणि जाताना कुणीतरी सगळं आवरून गेलं आहे.

भाचीने कारण सांगितलं. एका जागी पुरेसा वेळ थांबलं तरच कागदावर उमटतं. माणूस हलला की त्याच्या मागची भिंत उजेड पाठवत राहते, आणि तासाभराच्या हिशेबात भिंत जिंकते. शास्त्र पटलं. पण मला तो कागद हातातून खाली ठेवता येईना. आपण रोज ज्याला मनातल्या मनात कुरकुरत असतो, की दिवसभर राबते पण दिसतं कुणाला, ते आजवर माणसांबद्दलचं गाऱ्हाणं होतं. इथे एका दुधाच्या डब्याने, ज्याला ना सासर ना माहेर, तेच निःपक्षपातीपणे लिहून दिलं होतं.

फोटोग्राफीच्या जन्मापासून हे असंच आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर या गृहस्थाने आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यू तांपल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता गजबजलेला, घोडागाड्या, माणसं. चित्राला काही मिनिटं लागली आणि त्या काही मिनिटांत सगळी रहदारी पुसली गेली. राहिला एक माणूस. तो पाय पुढे ठेवून बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून स्थिर होता. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे नाव कुणालाच ठाऊक नाही, पण मान त्याला. पॉलिश करणारा त्याच्या पायाशी आहे, पण तो एक गडद डाग. त्याचे हात चालू होते. भाचीने ते चित्र मला फोनवर मोठं करून दाखवलं. मी कितीतरी वेळ त्या डागाकडेच पाहत होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्या तेवढ्या गोष्टीचं मनाला लावून घेऊ नये. नसतंही लावून घेतलं. पण दुसरं चित्र आलं.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सकाळचं सामायिक चुकत नाही. खिडकीशी आसन, तोंडाला मुहपत्ती, पुढ्यात वाळूचं घड्याळ. दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. भाचीने भीतभीत विचारलं, तुमच्या खोलीत डबा ठेवू का? सासूबाईंनी दोनच प्रश्न केले. वीज नाही ना? आवाज नाही ना? मग ठेव. आणि त्या आपल्या बसल्या. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नसावं.

त्या चित्रात सासूबाई आहेत. पांढरी साडी, खांदे, मुहपत्तीची चौकोनी घडी. श्वासाने डोकं जरासं मऊ झालं आहे, पण ओळखू येतात. माळ ओढणारा उजवा हात धुक्यात गेला आहे. वाळूचं घड्याळ मात्र गंमतीदार आलं आहे: वरचा फुगाही भरलेला, खालचाही भरलेला, दोन्ही निम्मेनिम्मे. आणि त्यांच्या मागे भिंतीवर सासऱ्यांची तसबीर. साऱ्या चित्रात सगळ्यांत रेखीव कोण असेल तर ते. गेलेला माणूस अजिबात हलत नाही.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी वाळत घातले. एकाच घरातले, एकाच डब्याचे. एकात बसलेली बाई दिसते आहे, दुसऱ्यात उभी असलेली दिसत नाही. मला जे वाटलं ते वाटलं. बसायला मिळालं म्हणून दिसल्या. अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी उठवू नये म्हणून दार कोण उघडत होतं, फोन कोण घेत होतं, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी कोण होतं? पॅरिसचा तो बूटवाला आणि त्याच्या पायाशी तो डाग.

हे मी मनातच ठेवलं होतं, पण भाचीने चेष्टेत बोलून दाखवलं. "आजी, मावशी म्हणते तुम्ही बसलात म्हणून दिसलात." सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एकोणीसशे एकसष्ट साली लग्न होऊन आले. नगरच्या वाड्यात सोळा माणसं. चूल, पाटा, आडाचं पाणी. चाळीस वर्षं उभी होते. तेव्हा कुठं होता तुझा डबा?" आणि थोड्या वेळाने, जरा वेगळ्या आवाजात, "सामायिकात बसणं म्हणजे बसून राहणं नाही गं. हात थांबवणं सोपं असतं."

त्यांचं दुसरं वाक्य मला जास्त लागलं, कारण ते खरं आहे. आपण सगळ्याच जाणतो. आसनावर बसल्यावर मन किराणा दुकानात जातं, मुलाच्या नोकरीत जातं, कुणीतरी चार वर्षांपूर्वी बोललेल्या शब्दात जाऊन बसतं. बुटांना पॉलिश करून घेणाऱ्याचं थांबणं आणि सामायिकातलं थांबणं डब्याला सारखंच दिसतं. डबा काया पाहतो, परिणाम पाहत नाही. म्हणजे तिथेही त्याचं पाहणं अपुरंच. तरीही पहिला प्रश्न मिटत नाही. घरात एकीला थांबता यावं म्हणून दुसरीने हलत राहावं लागतं, आणि ही पाळी कधी कुणाकडे येणार याचा हिशेब वयावर सोडलेला असतो. पुरुषांच्या बाबतीत तर तोही हिशेब नसतो.

आपल्या शास्त्राने पाहण्याच्या तऱ्हांना नय म्हटलं आहे. द्रव्यार्थिक नयाने पाहिलं तर जे टिकून आहे ते दिसतं. पर्यायार्थिक नयाने पाहिलं तर जे क्षणोक्षणी बदलतं आहे ते. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, तिन्ही मिळून सत्. पाठशाळेत हे आपण घडा आणि सोन्याच्या कड्याच्या दृष्टांताने पाठ केलेलं. पहिल्यांदा मला वाटलं, हा डबा पक्का द्रव्यार्थिक! येणं-जाणं गाळून टाकतो, टिकणारं तेवढं ठेवतो. कुणा महासतीजींना दाखवावं असा दृष्टांत सापडला म्हणून मी खूशही झाले.

मग भांडी घासताना विचार आला, आमच्या घरात टिकणारं नेमकं काय आहे? ओटा? नगरच्या वाड्यात चूल होती. इथे राखोलीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा कडाप्पा होता, आता ग्रॅनाइट आहे. डबे पितळेचे होते, स्टीलचे झाले, अर्धे आता प्लॅस्टिकचे. खिडकीच्या जाळ्या बदलल्या, भिंतीचा रंग पाच वेळा बदलला. सासूबाईंच्या लग्नापासून आजपर्यंत या घरात जे न चुकता राहिलं आहे ते सकाळी पाणी गाळणं, कणीक मळणं, भाजणं, वाढणं. माणूस बदललं, काम तेच. म्हणजे कुणाला द्रव्य म्हणायचं आणि कुणाला पर्याय? डब्याने ग्रॅनाइटला शाश्वत ठरवलं आणि पोळीला क्षणिक. साठ वर्षांचा हिशेब मांडला तर उलटं निघतं. त्याचा तास आमच्या घराला अपुरा पडला, इतकंच. आठ वर्षांचा असता तर? इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत एका विद्यार्थिनीने २०१२ साली बिअरच्या कॅनचा असा कॅमेरा लावला आणि तो तिथेच विसरून राहिला. २०२० मध्ये काढला तेव्हा कागदावर सूर्याच्या २,९५३ फेऱ्या रेषा होऊन उमटलेल्या. रोज तेच करणारा कधीतरी उमटतो, जर रोज त्याच वाटेने गेला तर. आणि सूर्याएवढा तेजस्वी असला तर, असं भाचीने पुस्ती जोडली.

भाचीला माझं चित्र हवंच होतं. ती म्हणाली, मावशी, तू पाऊण तास लाटणं हातात धरून उभी राहा. हलू नकोस. मस्त येशील.

इथे मी अडले. तिला ते कळेना. तिच्या दृष्टीने हा साधा उपाय होता. पण पाऊण तास लाटणं धरून न लाटता उभी राहिलेली बाई म्हणजे कोण? ज्या कामाचं चित्र व्हायचं ते काम थांबवूनच जर चित्र होत असेल, तर ते माझ्या सोंगाचं चित्र. सासूबाई डब्यासाठी बसल्या नव्हत्या, त्या सामायिकाला बसल्या होत्या; डबा तिथे होता. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सणासुदीला आपण सगळ्याच फोनपुढे मोदक हातात धरून हसतो, त्यात काही पाप नाही. पण त्याला माझ्या घराचं खरं चित्र म्हणून परीक्षेत कुणी गुण देऊ नयेत.

शेवटी तिने निराळी युक्ती काढली. डबा मांडणीवरून खाली, उंबऱ्याजवळच्या पाटावर ठेवला. मागचं दार सताड उघडं, म्हणून फरशीवर भरपूर उजेड. मी नेहमीसारखी कामं केली. मी ओट्यापाशी असले की ती पट्टी काढायची, तिथून हलले की लावायची. असे तीन दिवस, एकच कागद. चित्र आलं त्यात कमरेवर नुसतं धुकं आहे, साडीचा राखाडी ढग. पण खाली पाय आहेत. फुलके लाटताना वरचं अंग हलतं, पाय हलत नाहीत. दोन्ही पावलं, जोडवी, फाटलेल्या टाचा, सगळं आलं आहे. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "डाव्या पायावर भार देऊन उभी राहतेस. म्हणून ती टाच दुखते."

घराच्या आतलं चित्र काढणं ही तशी नाजूक बाब आहे. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये जनाना स्टुडिओ काढला, तिथे कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई नेमली होती, म्हणजे पडद्यातल्या बायकांना येता यावं. आज फोन सगळीकडे शिरतो, विचारत नाही. डब्याला निदान विचारावं लागतं. तासभर कुणाच्या घरात गुपचूप राहता येत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई वारली समाजाच्या. राखोली तशी दोन जगांची जागा. सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्याला सुताचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने, ट्रक, बिहार-ओडिशाहून आलेली पोरं. आणि रस्ता सोडून जरा आत गेलं, दमणगंगेच्या बाजूला, की अजून कारवीच्या कुडाची घरं सापडतात. भाचीला तसं घर हवं होतं. कुडाच्या फटींतून आत उजेडाच्या काड्या येतात, आख्खं घरच पिनहोल, असं तिचं म्हणणं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घ्या की. किती वेळ? दोन तास लागतील. दोन तास आम्ही बाहेर राहायचं का? छे, भाची म्हणाली, तुम्ही या-जा, काम करा, तुम्ही दिसणारच नाही.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांच्या वारली-गुजराती मिसळलेल्या बोलीत म्हणाल्या, आम्ही दिसायचोच नाही, तर मग ते कशाला?

भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ते चित्र घेतलं गेलं नाही, आणि मला वाटतं ते योग्यच झालं. रिकाम्या ओट्याचं चित्र मी पाहिलं तेव्हा मी त्याच्यावर एवढा विचार केला, कारण मला विचार करायला वेळ आहे आणि लिहायला कागद आहे. दुसऱ्याच्या घरातून माणसं गाळून नुसत्या भिंती शोभेला न्यायच्या, हे मला पटलं नसतं. शिवाय त्या भिंतींवर त्यांची स्वतःची चित्रं असतातच. वारली चित्र ही परंपरेने बायकांची कला. लग्नात चौक लिहितात तो सवाष्णी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. पुढे डहाणू भागातले जिव्या सोमा मशे यांनी तीच कला कागदावर आणून जगापुढे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत कुणी थांबलेलं नसतं. कांडणारी, पाणी आणणारी, नाचणारी, गुरं हाकणारी, सगळी दोन त्रिकोणांची माणसं हलताना काढलेली. आमच्या डब्याला जे जमलं नाही ते पिठात बुडवलेली काडी कधीपासून करते आहे.

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती आपल्यातल्या बऱ्याच जणींना आवडणार नाही. मी तिसऱ्या दिवशी भाचीला सहज विचारलं, या कागदावर लावलेलं असतं काय? ती म्हणाली, चांदीचे क्षार. ते कशात कालवलेले? जिलेटिनमध्ये.

जिलेटिन गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून होतं. औषधाच्या कॅप्सूल घेताना आपण विचारतो, मुलांच्या जेलीच्या गोळ्या उलट्या करून वाचतो. फोटोच्या बाबतीत कधीच विचारलं नाही. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा लेप सुचवला, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगातली जवळजवळ प्रत्येक फिल्म आणि फोटोचा बहुतेक प्रत्येक कागद त्याच लेपावर चालला. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा आपला 'इंदू' छापसुद्धा. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीत सॅम्युएल शेपर्ड यांनी तर असं शोधलं की काही जिलेटिन उजेडाला जास्त जागं असतं, ते गुरांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्यामुळे. त्यातल्या गंधकाचा अंश हाडाकातड्यात उतरतो. त्या जनावराने काय चरलं होतं हेसुद्धा आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. आणि नुसत्या लग्नाच्या नाही. घराघरांत, स्थानकांत ज्या गुरुभगवंतांच्या जुन्या तसबिरी आपण हात जोडून पाहतो, त्या कशावर उमटल्या आहेत? हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण ज्यांनी पाण्याचा थेंब गाळून घ्यायला शिकवला त्यांच्याच बाबतीत खोटी भीड कशाला धरायची?

करणं, करवणं, अनुमोदणं. तीन करणं आपल्याला पाठ आहेत. मी मारलं नाही. माझ्यासाठी कुणी मारलं नाही. पण तो कागद पाहून मी 'छान आला' म्हटलं, ते काय झालं? भाची म्हणाली, मावशी, कागद तर आधीच आणलेला आहे. सासूबाई म्हणाल्या, मारलेलं परत येत नाही, पण पुढची खरेदी आपल्या हातात असते. मला सासूबाईंचं पटलं. मात्र इतकं सरळ नाही तेही. त्या हिशेबाने फोन निर्दोष ठरतो. त्यात जिलेटिन नाही. म्हणजे ज्या हातच्या, साध्या, बिनविजेच्या डब्याला मी मनात सात्त्विक म्हणत होते त्याच्या पोटात हाडं, आणि ज्या फोनला घरातलं भूत म्हणून नावं ठेवते तो या एका बाबतीत स्वच्छ. साधेपणा दिसला की आपण अहिंसा गृहीत धरतो. खादी, मातीचं भांडं, हातचा कॅमेरा. आत काय आहे ते उघडून पाहावंच लागतं.

दुसरे मार्ग आहेत. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोखंडाच्या क्षारांनी निळं चित्र करण्याची रीत काढली, तिला लेप लागत नाही. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी त्याच रीतीने शेवाळांच्या निळ्या चित्रांचं पुस्तक करायला घेतलं. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक ते. हर्शेल यांनी फुलापानांच्या रसानेही चित्रं केली. हळद उन्हात उडते हे आपल्याला त्यांनी सांगायला नको, हळदीचा डाग पडलेला ब्लाउज आपण उन्हातच टाकतो. कागदाला हळद लावून वर पान ठेवून उन्हात ठेवलं की पानाचं चित्र राहतं. ओली हळद कंदमूळ म्हणून नको, पण वाळलेल्या हळदीला हरकत नाही, तेव्हा भाचीने आमच्या अंगणातल्या पेरूची पानं तशी केली. पिवळ्यावर पिवळी. सुरेख आहेत. पण या रीती आळशी, त्यांना भर ऊन लागतं. घराच्या आतला उजेड त्यांना पुरत नाही.

मग भाची जायच्या आदल्या दिवशी आम्ही कागद न वापरताच केलं. सासूबाईंच्या खोलीची खिडकी काळ्या प्लॅस्टिकने आणि पुठ्ठ्याने बंद केली, दाराखाली चादर खोचली, आणि पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडलं. अमेरिकेत आबेलार्दो मोरेल नावाचे छायाचित्रकार १९९१ पासून अशा अंधाऱ्या खोल्या करतात आणि खोलीत उतरलेलं चित्र पुन्हा कॅमेऱ्याने टिपतात. आम्ही टिपलं नाही. ठेवायचं काहीच नव्हतं.

डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटं गेली. मग सासऱ्यांच्या तसबिरीच्या भिंतीवर हळूहळू आमचं अंगण उतरलं. उलटं. आभाळ जमिनीशी, पेरूचं झाड छताला लोंबकळणारं, त्याच्याही वर रस्ता. रंगांसकट. आणि हलतं! रस्त्यावरून ट्रक गेला तो छताजवळून उजवीकडून डावीकडे गेला. सायकलवाला गेला. पान हललं की हललेलं दिसत होतं. कागदावर जे जे पुसलं जात होतं ते सगळं भिंतीवर होतं, फक्त ते तसंच पुढे जात होतं. कामाच्या बाई भांडी आवरून आत आल्या, पदराला हात पुसत बघत राहिल्या. भाचीला राहवेना. ती म्हणाली, याचा व्हिडिओ तरी घेते. सासूबाई म्हणाल्या, बस की जरा.

आम्ही चौघी पलंगावर आणि खाली बसलो होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळ दिसत नव्हतं. अंगणातली दोरी भिंतीवर उलटी आली होती, तिच्यावर सकाळचे कपडे वरच्या दिशेने लोंबत होते आणि वाऱ्याने फडफडत होते. सासूबाई मान वाकडी करून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या.

"कपडे वाळलेत गं," त्या म्हणाल्या. "काढून घे."